ओल आणि आच

कोकण किनाऱ्यालगतच्या उच्चदाब वीजवाहिन्यांना सर्वांत घातक दिवस कोणते, असे विचारले तर नवखा माणूस आषाढातला मुसळधार पाऊस सांगेल. प्रत्यक्षात मुसळधार पाऊस इन्सुलेटर धुऊन काढतो. घात करते ती धुक्याची पहाट, दव, किंवा मृगाआधी पडून गेलेली भुरभुर. उन्हाळाभर खाऱ्या वाऱ्याने मीठ आणि धूळ आणून इन्सुलेटरवर बसवलेली असते. कोरडा असेपर्यंत हा थर कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. त्याला जेमतेम ओल लागली, की मीठ विरघळते आणि थरातून गळतीचा प्रवाह सुरू होतो. प्रवाहाने थर तापतो, मधले काही भाग सुकतात आणि त्या कोरड्या पट्ट्यांवरून बारीक ठिणग्या तडतडू लागतात. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच थांबते. एखाद्या रात्री मात्र ठिणगी या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचते आणि वाहिनी बंद पडते.

ओल आणि आच इथे जोडीने येतात, म्हणून त्यांचा बंदोबस्तही जोडीनेच करावा लागतो. चिनी माती आणि काच ठिणगीला भीक घालत नाहीत. पण त्यांच्यावर पडलेले पाणी पसरते, आणि पसरलेले पाणी म्हणजे प्रवाहाला सलग वाट. नेहमीच्या इपॉक्सीचे दुखणे निराळे. ठिणगीखाली तिच्यावर कोळशाची रेघ उमटते, कोळसा वीज वाहतो, आणि ती रेघ आपल्या टोकाशी जाळत जाळत पुढे सरकते. सिलिकोन रबर जळते तेव्हा मागे प्रामुख्याने पांढरी सिलिका उरते, जी वीज वाहत नाही. शिवाय त्याच्यावर पाणी थेंबाथेंबाने सुटे राहते. गेल्या काही दशकांत चिनी मातीच्या चकत्यांच्या माळांऐवजी रबरी झालरींचे हलके इन्सुलेटर मनोऱ्यांवर दिसू लागले, ते यामुळे.

हे पुस्तक त्या झालरीच्या आतल्या मालाविषयी आहे. त्यात नुसते रबर नसते. डोळ्यांना कधीही न दिसणारे सिलिकाचे कण त्यात मिसळलेले असतात. असे कण मिसळून केलेल्या पॉलिमरांना नॅनोकंपोझिट म्हणतात. इन्सुलेटर हा त्यांचा एक उपयोग झाला. ओव्हनच्या दारातली पट्टी, आगीतही चालू राहणाऱ्या केबलचे आवरण, मोटारीचा टायर, पाणी झटकणारा रंग, या सगळ्यांत हीच सिलिका वेगवेगळ्या रूपांत भेटते. मी मात्र पुस्तकभर सिलिकोन रबराचे बोट धरून चाललो आहे. तिथे सगळे प्रश्न एकाच वेळी उभे राहतात आणि लपवाछपवीला जागा राहत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या अभ्यासक्रमांत पाणी आणि उष्णता यांची प्रकरणे वेगळी असतात. संशोधन निबंधांतही दोन वेगळे आलेख येतात. सिलिका भरलेल्या पॉलिमरमध्ये मात्र दोन्हींचा निकाल एकाच जागी लागतो, आणि ती जागा म्हणजे सिलिकाच्या कणाचा पृष्ठभाग. कण किती टक्के घातले यापेक्षा त्यांच्या अंगावर काय आहे, हा प्रश्न मोठा. बहुतेक पाठ्यपुस्तकांत तो चार ओळींत उरकलेला असतो.

आधी सिलिका घालावी का लागते ते पाहू. सिलिकोन रबराची साखळी सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या एकाआड एक अणूंची असते आणि बाजूंना मिथाइल गट लोंबत असतात. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडायला मोलमागे साधारण ४५० किलोज्यूल लागतात. नेहमीच्या रबरांतल्या कार्बन-कार्बन बंधाला ३५० च्या आसपास पुरतात. उष्णतेच्या बाबतीत सुरुवातच अशी चांगली होते. पण या साखळ्या एकमेकींना फारशा धरत नाहीत. फिलर न घातलेले सिलिकोन रबर ०.३ ते ०.४ मेगापास्कल ताणाला तुटते. नखाने खरवडले तरी त्याचा चुरा पडतो. त्यात योग्य सिलिका योग्य रीतीने मिसळली की तीच ताकद दहा मेगापास्कलच्या घरात, कधी त्याच्याही वर जाते. रबराच्या धंद्यात काळ्या कार्बनने नैसर्गिक रबर मजबूत होते हे सर्वांना ठाऊक आहे, पण वीस-तीस पटींची अशी उडी तिथेही दिसत नाही. सिलिकोन रबराचा उद्योग सिलिकाच्या जिवावर उभा आहे असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

ही सिलिका वाळू दळून मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत डेगुसा कंपनीच्या हॅरी क्लोप्फर यांनी कार्बन ब्लॅकला पांढरा पर्याय शोधताना तिची रीत बसवली. १९४२ चे पेटंट आहे. सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ज्वाळेत सोडायची. हजार अंशांहून अधिक तापमानात ज्वाळेतल्याच पाण्याशी तिचा संयोग होतो, सिलिका तयार होते आणि हायड्रोजन क्लोराइड बाजूला पडतो. ज्वाळेत जन्मलेले कण ५ ते ५० नॅनोमीटरचे असतात. ते गरम असतानाच एकमेकांना चिकटून फांद्याफांद्यांचे पुंजके होतात. हिला फ्यूम्ड सिलिका म्हणतात आणि एरोसिल हे तिचे व्यापारी नाव कारखान्यांत तितकेच रूढ आहे. पोते उघडून हात घातला तर हातात काही आल्यासारखे वाटत नाही. लिटरभर भुकटी जेमतेम पन्नास ग्रॅम भरते. दहा किलो माल ठेवायला दोनशे लिटर जागा लागते. काच दोन बोटांत चुरडली तर टोचेल. हिचा स्पर्श कोरडा, किंचित ओढल्यासारखा असतो, कारण ती बोटांवरची ओल शोषून घेते.

ही शोषून घेण्याची खोड नीट लक्षात ठेवावी. १२ नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणांची एक ग्रॅम सिलिका घेतली, तर त्यांच्या पृष्ठभागांची बेरीज दोनशे चौरस मीटरच्या वर जाते. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटरचे असते. म्हणजे ग्रॅमभर भुकटीत दीड मैदान सामावलेले असते. आणि हे मैदान मोकळे नसते. त्याच्यावर हायड्रॉक्सिल गट उभे असतात, ज्यांना सिलॅनॉल म्हणतात. पाणी भरपूर मिळालेल्या सिलिकावर दर चौरस नॅनोमीटरला असे चार-पाच गट असतात. ज्वाळेतून ताज्या निघालेल्या फ्यूम्ड सिलिकावर त्याच्या निम्मे. पाण्याच्या रेणूला सिलॅनॉल मनापासून आवडतो. पाणी झटकणारे रबर करायला आपण जो पदार्थ हाताशी घेतला, तो स्वतः पाण्याला कवटाळणारा निघावा, हा या विषयातला मूळचा पेच आहे.

पेच सोडवण्याचा मार्ग म्हणजे सिलॅनॉलचे तोंड बंद करणे. कारखान्यात त्यासाठी बहुधा हेक्सामिथाइलडायसिलॅझेन वापरतात. कुणी ते नाव पूर्ण घेत नाही, एचएमडीएस म्हणून मोकळे होतात. नीडर या मळण्याच्या यंत्रात सिलिकोनचा डिंक, सिलिका, एचएमडीएस आणि थोडे पाणी घालून तापवत मळले, की सिलॅनॉलच्या जागी तीन मिथाइलवाला सिलिल गट बसतो आणि अमोनिया सुटतो. नीडरच्या झाकणाशी अमोनियाचा भपकारा आला की काम सुरू झाले असे समजायचे. वास सरला आणि निर्वात पंपाने उरलेले ओढून घेतले की काम संपले. मात्र तोंडे सगळी बंद होत नाहीत. एक ट्रायमिथाइलसिलिल गट ०.४ चौरस नॅनोमीटरहून थोडी अधिक जागा अडवतो, त्यामुळे चौरस नॅनोमीटरमागे दोनाहून फारसे जास्त मावतच नाहीत. शेजारचे काही सिलॅनॉल त्यांच्या आडोशाला तसेच राहतात. मोठे पाण्याचे थेंब त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, वाफेचा एखादा रेणू मात्र सवडीने पोहोचतो. ही फट लहान आहे, पण पुढे उष्णतेच्या प्रकरणात ती महागात पडते.

पाण्याविषयी बोलताना एक घोळ हमखास होतो, म्हणून इथेच स्पष्ट केलेले बरे. पाणी झटकणे, पाणी न शोषणे आणि वाफ न जाऊ देणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सिलिकोन रबर पहिल्या गोष्टीत पटाईत, दुसऱ्यात ठीक आणि तिसऱ्यात चक्क नापास आहे. पाण्याची वाफ त्यातून सहज आरपार जाते. छतावर पाणी न थांबणारा लेप लावला म्हणून भिंतीतली ओल थांबेलच असे नाही, याचे मूळ याच फरकात आहे. सिलिका घातल्याने तिन्ही सुधारतात ही समजूतही खरी नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात चेन झोउ, जॉन फॉदरगिल आणि स्टीफन रो यांनी २००८ मध्ये इपॉक्सीतल्या नॅनोसिलिकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कण घातलेल्या इपॉक्सीने नुसत्या इपॉक्सीपेक्षा जास्त पाणी शोषले. हे जास्तीचे पाणी कणांभोवती कवचासारखे गोळा होत असावे, अशी त्यांची मांडणी आहे. विद्युतरोधक म्हणून घातलेल्या कणांनीच पाण्याला बसायला पाट मांडला तर काय उपयोग? पृष्ठभागाकडे लक्ष न देता टक्केवारी वाढवत नेणाऱ्या प्रत्येकाने हा निबंध वाचावा.

आता थेंबाकडे. थेंब आणि पृष्ठभाग यांच्यातला कोन मोजून ओलेपणा सांगायची रीत टॉमस यंग यांच्या १८०५ च्या लेखापासून चालत आली आहे. कोन ९० अंशांच्या वर गेला की पृष्ठभाग पाण्याला नकार देतो असे धरतात. गुळगुळीत सिलिकोन रबरावर तो १०५ ते ११० अंश भरतो. केवळ रसायन बदलून हा कोन फार वाढवता येत नाही. सर्वांत नाखूष अशा फ्लुओरिनयुक्त गुळगुळीत पृष्ठभागावरही तो १२० अंशांच्या आसपास अडतो. त्यापुढे जायचे तर खडबडीतपणा हवा. खडबडीतपणाने पाण्याची आवड असो वा नावड, दोन्ही वाढतात, हे वेन्झेल यांनी १९३६ मध्ये सूत्रात बसवले. कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये पुढची गोष्ट दाखवली, की थेंब उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो आणि खाली हवा अडकून राहते. सिलिकाचे नॅनोकण नेमके असे उंचवटे करून देतात. मोठ्या कणांवर लहान कण बसवले, सगळ्यांची तोंडे मिथाइलने बंद केली, की कोन १५० च्या पार जातो आणि थेंब टेकायलाच तयार होत नाही.

अळवावरचे पाणी पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. बॉन विद्यापीठाचे विल्हेल्म बार्थलॉट यांनी वनस्पतींची पाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून क्रिस्टोफ नाइनहाउस यांच्यासह १९९७ मध्ये कमळावर जो गाजलेला निबंध लिहिला, तो याच रचनेविषयी होता. अळूही त्याच जातकुळीचे. पानाच्या पेशींचे फुगवटे आणि त्यांवर मेणाचे बारीक स्फटिक, अशी दुहेरी खडबड तिथे असते. अळूचे पान अंगठ्याने एकदा दाबून पुसा आणि त्याच जागी पाण्याचा थेंब टाका. थेंब पसरतो. मेण गेले, काम संपले. प्रयोगशाळेतल्या बहुतेक अतिजलरोधी लेपांचे हेच होते. कोन १६० अंश आणि शेजारी सुंदर छायाचित्र असते, पण लेपावरून फडके किती वेळा फिरवले हे लिहिलेले नसते. अशा निबंधांविषयी माझे मत फार चांगले नाही, हे मी लपवत नाही.

सिलिकोन रबराचे वैशिष्ट्य मात्र इथे उठून दिसते. ठिणग्यांनी किंवा सततच्या ओलीने त्याचा पृष्ठभाग पाण्याला धार्जिणा झाला, तरी काही तासांत किंवा दिवसांत तो पुन्हा पाणी झटकू लागतो. रबराच्या पोटात आखूड साखळ्यांचे सिलिकोन थोडे शिल्लक असते. ते हळूहळू पृष्ठभागावर येते. इतकेच नव्हे, वर बसलेल्या मीठ-धुळीच्या थरातही शिरते आणि त्या थरालाच पाणी झटकायला लावते. चिनी मातीला हे कधी जमणार नाही. कोकणपट्टीसारख्या खाऱ्या हवेत या रबराचा खरा फायदा कोनाच्या आकड्यात नाही, या परत सावरण्यात आहे. आणि सिलिकाचे गणित इथेही येते: फिलर फार झाला, किंवा त्याची तोंडे उघडी राहिली, तर तो या आखूड साखळ्या धरून ठेवतो आणि त्या वर यायला वेळ लागतो.

फ्लुओरिनविषयी एक वाक्य. कोन वाढवायला फ्लुओरोसिलेन वापरण्याची फॅशन बरीच वर्षे होती. त्या कुटुंबातले पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात बंदी-नियंत्रणाखाली आले, म्हणून या पुस्तकात मी मिथाइलच्या मार्गावरच राहिलो आहे.

उष्णतारोधाचे प्रकरण लिहिताना मला जास्त कष्ट पडले, कारण या एका नावाखाली अनेक गोष्टी खपवल्या जातात. भाराखाली वस्तू कोणत्या तापमानाला वाकते, हा एक प्रश्न. कोणत्या तापमानाला तिचे रेणू तुटू लागतात, हा दुसरा. दीडशे-दोनशे अंशांत वर्षानुवर्षे ठेवली तर लवचीक राहील का, हा तिसरा, आणि पेटली तर किती वेगाने जळेल, हा चौथा. एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. नॅनोकंपोझिटांचा बोलबाला ज्या उदाहरणाने सुरू झाला त्या टोयोटाच्या नायलॉनमध्ये पाच टक्क्यांहून कमी चिकणमाती होती आणि वाकण्याचे तापमान ६५ अंशांवरून दीडशेच्या आसपास गेले होते. ती किमया मातीच्या पापुद्र्यांची. सिलिकाचे गोल कण ती करत नाहीत, आणि टोयोटाचा दाखला देऊन सिलिका विकणाऱ्याला तसे सांगायला हरकत नाही.

संशोधन निबंधांत सर्वाधिक दिसतो तो दुसरा प्रश्न, कारण तो सोपा आहे. काही मिलिग्रॅम नमुना नायट्रोजनमध्ये मिनिटाला दहा अंशांनी तापवत न्यायचा आणि वजन कुठे घटते ते पाहायचे. सिलिका घातल्यावर आलेख वीस अंश उजवीकडे सरकला की निष्कर्ष तयार. पण कारखान्यातले गॅस्केट नायट्रोजनमध्ये राहत नाही आणि अर्ध्या तासात त्याचे आयुष्य संपत नाही. सिलिकोनची साखळी ज्या रीतीने तुटते ती पाहिली की सिलिकाची दुहेरी भूमिका कळते. तापलेली साखळी वळून स्वतःलाच चावते आणि तीन-चार दुव्यांची कडी तुटून उडून जाते. कणाला चिकटलेल्या साखळीला वळायला मोकळीक नसते. तेवढ्यापुरती सिलिका राखणदार. परंतु ही तोडफोड थोड्याशा आम्लाने किंवा अल्कलीनेही सोपी होते, आणि साखळीच्या टोकाचा वा कणावरचा उघडा सिलॅनॉल त्या कामाला हातभार लावतो. त्यात कणावर पाणी बसलेले असेल तर तेच पाणी तापलेल्या साखळीचे बंध फोडते. बंदिस्त जागेत वाफेसह तापलेले सिलिकोन रबर मऊ पडून चिकट होते, हे बॉयलरजवळ चुकीची सील बसवणाऱ्यांना चांगले माहीत आहे. म्हणजे एचएमडीएसने सिलॅनॉल झाकला तेव्हा पाण्याला आडकाठी झालीच, आणि उष्णतेतला घरभेदीही बाहेर काढला गेला. मघाशी सांगितलेली आडोशाची फट इथे मोजायला हवी असते.

चौथ्या प्रश्नावर, जळण्यावर, अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेत ताकाशी काशीवागी आणि सहकाऱ्यांनी केलेले काम मला या विषयातले सर्वांत डोळे उघडणारे वाटते. त्यांनी पॉलिमरांत वेगवेगळ्या सिलिका मिसळून जाळून पाहिल्या. फ्यूम्ड सिलिका आणि सिलिका जेल हे हलके, भरपूर पृष्ठभागाचे प्रकार वितळलेल्या पॉलिमरच्या वरच्या अंगाला गोळा झाले आणि त्यांच्या थराने आच अडवली. उष्णता बाहेर पडण्याचा वेग घटला. वितळवून केलेली जड, कमी पृष्ठभागाची सिलिका मात्र तळाशी बसली आणि तिचा फारसा उपयोग झाला नाही. रासायनिक सूत्र एकच, टक्केवारी तीच. फरक कणाच्या घडणीचा.

इन्सुलेटरच्या झालरीत हे सगळे कसोटीला लागते. तिथे सिलिकाखेरीज ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेट मोठ्या प्रमाणात, वजनाने अनेकदा निम्म्याच्या आसपास, घालतात. ठिणगीने रबर २०० अंशांच्या पुढे तापले की या ट्रायहायड्रेटमधले पाणी वाफ होऊन निघते आणि जागा थंड पडते. पण एवढा फिलर घातला की माल जड होतो आणि मळायला कठीण जातो. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात एल-हाग, जयराम, चेर्नी आदींनी २००६ मध्ये दाखवले, की सिलिकोन रबरात १० टक्के नॅनोसिलिका घातल्यावर ठिणगीची झीज सोसण्याची क्षमता ५० टक्के जाड्या सिलिकाइतकी मिळते. नॅनोच्या नावाने होणाऱ्या गवगव्यात मी सहसा सामील होत नाही. हा निकाल मात्र खणखणीत आहे.

मग सगळे दहा टक्के घालून मोकळे का होत नाहीत? कारण मळणे. नॅनोकण सुटे राहायला तयार नसतात. सिलॅनॉल एकमेकांना हात देतात आणि रबरात सिलिकाची जाळी उभी राहते. टू-रोल मिलवर मळून ठेवलेले कंपाउंड आठवड्याभराने काढले तर ते ताठ, कोरडे, भेगाळलेले निघते. कारागीर त्याला पुन्हा रोलवर घालून बराच वेळ दाबतो, तेव्हा कुठे ते मऊ येते. पृष्ठभाग नीट झाकलेली सिलिका असा ताठरपणा कमी धरते. म्हणून चांगल्या कंपाउंडरला एचएमडीएसचा खर्च डोईजड वाटत नाही. तो मिलवरच्या वेळात वसूल होतो. विभाजनाच्या प्रकरणात मी सूक्ष्मदर्शकाची चित्रे जितकी दिली आहेत तितकीच मिलवरच्या पत्र्याची वर्णनेही दिली आहेत. सूक्ष्मदर्शक एका कोपऱ्याचे खरे सांगतो. रोलवरून उतरणारा पत्रा सगळ्या घाण्याचे सांगतो.

आपल्याकडच्या कामाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाच्या एअर ग्लास प्रयोगशाळेत ए. वेंकटेश्वर राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सिलिका एरोजेलवर दीर्घकाळ काम केले. किसलर यांनी १९३१ मध्ये शोधलेला हा पदार्थ उष्णता अडवण्यात अव्वल, पण ठिसूळ आणि साध्या रूपात पाण्याचा भुकेला. मिथाइलट्रायमिथॉक्सिसिलेन या एकाच कच्च्या मालातून कोल्हापूरच्या गटाने लवचीक आणि पाणी झटकणारा एरोजेल केला. इथे मिथाइल गट नंतर चिकटवावा लागत नाही. तो जन्मापासूनच सिलिकावर असतो. पुस्तकातल्या सोल-जेलच्या प्रकरणाचा कणा ही कल्पना आहे. त्याच प्रकरणात १९६८ ची श्टोबर, फिंक आणि बोन यांची रीतही सविस्तर आहे. अल्कोहोल, पाणी, अमोनिया आणि टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट एवढ्यावर एकसारख्या मापाचे गोल कण मिळतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती सहज करता येते.

कच्च्या मालाचे म्हणाल तर भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांमागे पडणारे तूस ही सिलिकाची खाणच आहे. भाताचे तूस जाळले की वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते आणि तिच्यात बहुतांश सिलिका असते. जाळताना तापमान सातशे अंशांच्या आत ठेवावे लागते. भट्टी जास्त तापली की सिलिकाचे स्फटिक होतात. स्फटिकरूप सिलिकाची धूळ फुप्फुसांना सिलिकोसिस करते, म्हणून ही मर्यादा केवळ मालाच्या दर्जाची नाही. राखेतून कास्टिकने सोडियम सिलिकेट आणि त्यातून आम्लाने अवक्षेपित सिलिका काढता येते. ती फ्यूम्ड सिलिकाइतकी शुद्ध वा कोरडी नसते, पण टायर आणि चपलांच्या तळव्यांना चालते. १९९२ पासून मिशेलिनने टायरच्या पृष्ठरबरात कार्बनऐवजी सिलिका वापरून इंधन वाचवले, तीही अवक्षेपित सिलिकाच होती, आणि तिथेही यश सिलेनने पृष्ठभाग रबराशी जोडल्यावर आले.

चाचण्यांचे प्रकरण मी शेवटी ठेवले असले तरी घाईतल्या वाचकाने ते आधी वाचावे. पाणी झटकण्याची मैदानी चाचणी स्वीडनच्या एसटीआरआय संस्थेच्या पद्धतीने होते. साध्या फवाऱ्याने वीतभर अंतरावरून वीस-तीस सेकंद पाणी मारायचे, लगेच पृष्ठभाग पाहायचा आणि एक ते सात श्रेणी द्यायची: सगळे थेंब सुटे आणि गोल तर एक, सलग पाण्याचा पापुद्रा तर सात. ठिणगीची चाचणी आयईसी ६०५८७ प्रमाणे. नमुन्याची पट्टी ४५ अंशांत तिरपी लावून तिच्या खालच्या अंगाने अमोनियम क्लोराइडचे पाणी थेंब थेंब सोडतात आणि साडेचार हजार व्होल्टचा दाब सहा तास ठेवतात. त्या पाण्यात साबणासारखे द्रव्य मुद्दाम घातलेले असते, म्हणजे पट्टी पाणी झटकू शकणार नाही. पहिली चाचणी ओलीचे विचारते, दुसरी ओलीची बाजू आधीच हरवून फक्त आचेचे विचारते. एकीत पास झालेला नमुना दुसरीत सपशेल पडलेला मी पाहिला आहे. कंपाउंड विकणाऱ्याच्या पत्रकात एकाच चाचणीचा आकडा असेल तर दुसरीचा मागून घ्यावा.

हे पुस्तक मी पॉलिमरच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या रबर कारखानदारांसाठी लिहिले आहे. दोघांची भाषा वेगळी असते, म्हणून प्रत्येक प्रकरणाचा पहिला अर्धा भाग मिलवरचा आणि दुसरा समीकरणांचा आहे. ज्याला जो नको तो त्याने खुशाल ओलांडावा. सुरुवात मात्र सर्वांनी एकाच प्रयोगाने करावी. सिलिकाचे नवे पोते फोडले की त्यातला थोडा नमुना लगेच तोलावा, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवून पुन्हा तोलावा आणि घटलेले वजन पोत्यावरच पेनने लिहून ठेवावे. तेच पोते अर्धे वापरून पावसाळ्यात गोदामात तोंड बांधून ठेवले असेल, तर श्रावणात पुन्हा तोलावे आणि दुसरा आकडा पहिल्याशेजारी लिहावा. नाकावर मास्क मात्र असू द्यावा. ही भुकटी हवेत फार वेळ तरंगते.